ओळीत कोणी गेलं नाही

पहिली शेंग वहिनीला दिसली. दात घासता घासता ती मागच्या दारात उभी होती. या दिवसांत जाळीवर जांभळी-गुलाबी फुलं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली असायची, तिथे आज एक चपटी हिरवी शेंग लोंबत होती. मग दुसरी दिसली. मग जाळीभर शेंगाच दिसल्या. मग वहिनीनं बघणं बंद केलं, कारण बघत राहिलं तर आपल्याला माहीत होतं असं ठरतं, आणि काही माहीत असणं या घरात नेहमीच महागात पडतं. चूळ भरून ती आत आली.

वहिनी लोकांना मोटार चालवायला शिकवते. समोरून येणारं संकट आधी दिसणं आणि तरी आवाज न चढवणं, यावरच तिचं पोट आहे.

"अहो," तिनं भाऊला हलवलं. "फुलवाटाण्याला शेंगा आल्यात."

भाऊचं गाद्यांचं दुकान आहे आणि तो मालाची जाहिरात स्वतः झोपून करतो. "किती?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"सगळ्या जाळीभर. फुलं संपली."

भाऊ उठून बसला. त्याच्या बहिणीचं, ताईचं, लग्न उद्यावर आलं होतं.

बाजारात या फुलाला स्वीट पी म्हणतात. आईनं आयुष्यभर फुलवाटाणा म्हटलं, म्हणून या घरात तो फुलवाटाणा. त्याची एकच अट असते: फूल आलं की कापा. कापत राहिलात तर वेल फुलत राहतो, कारण आपलं काम अजून झालेलं नाही असं त्याला वाटतं. फूल तसंच ठेवलंत तर त्याची शेंग होते, शेंगेत बी धरतं, आणि वेल हातपाय पसरून बसतो. "दादासारखाच आहे," आई म्हणायची. "पेन्शन दिसली की टेबल आवरायला घेतो." दादा, तिघा भावंडांतला थोरला, तेव्हा नगरपालिकेत नकाशे काढायचा आणि हे वाक्य त्याच्यासमोरच म्हटलं जायचं.

पण खरी भानगड कापण्याच्या पद्धतीत होती. जाळी अंगणाच्या टोकाला, भिंतीपासून माणूसभर अंतरावर. वेल आपल्या तंतूंनी जाळीला असे गच्च धरून असतात की एकट्यानं कापायला गेलं तर फुलाबरोबर अर्धा वेल हातात येतो. म्हणून एकानं भिंतीच्या बाजूनं वेल धरायचा, दुसऱ्यानं अंगणाच्या बाजूनं देठ कापायचा. इतकं सोयीस्कर यंत्र हाताशी असताना आईनं ते फक्त फुलांसाठी वापरलं असतं तर ती आई कसली? घरात कोणाचं बिनसलं की ती दोघांना एकेका बाजूला उभं करायची. "ओळीत जा," एवढंच म्हणायची. जाळीतून समोरच्याचा चेहरा तुकड्यातुकड्यानं दिसतो; डोळा दिसला तर तोंड दिसत नाही. अशा माणसावर फार वेळ रागावता येत नाही. दादा आणि भाऊ सायकलवरून भांडले तेव्हा ओळीत गेले आणि जुडी घेऊन बाहेर आले, ते सायकल पोस्टमनला देऊन टाकायची यावर एकमत करूनच. पोस्टमनला सायकल येत नव्हती. पण तो पुढचा प्रश्न.

आई गेली, ओळ राहिली. ताई रोज कामावर जाण्याआधी कापायची, जो कोणी मोकळा सापडेल त्याला भिंतीच्या बाजूला उभं करून. आणि आईच्या मागे घरात एक नियम आपोआप उगवला, जो कोणी केला नव्हता आणि सगळे पाळत होते: भांडण चालू असताना जो आधी ओळीत गेला, त्यानं नमतं घेतलं.

ताईनं महिन्याभरापूर्वी जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं की ती कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांशी लग्न करणार आहे. दादानं चमचा खाली ठेवला होता. तेव्हापासून दादा ताईशी बोलत नव्हता, आणि तेव्हापासून ओळीत कोणीही गेलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या खिडकीतून फुलं पिकताना पाहिली. सगळ्यांना वाटलं, दुसरा जाईल.

"तुम्ही जायचंत," वहिनी म्हणाली.

"मी? मी दादाच्या बाजूचा. मी गेलो असतो तर दादा नमला असं झालं असतं."

"तुम्ही दादांच्या बाजूचे का आहात?"

भाऊनं विचार केला. "त्यानं आधी विचारलं," तो म्हणाला.

"मग आता नीट ऐका." वहिनीनं दार लावलं. "काल ताई फोनवर बोलत होत्या. घड्याळवाल्यांना म्हणाल्या, दादा साक्षीदार म्हणून सहीला आला नाही तर मीही येणार नाही. तुम्ही खुशाल दुकान उघडा."

"म्हणजे लग्न मोडलं?"

"अजून नाही. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

भाऊ पुन्हा आडवा झाला, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. ताईनं त्याला लहानपणी गणित शिकवलं होतं, म्हणजे त्याचं गणित तिनं केलं होतं. "मी ताईच्या बाजूला आलो," तो छताकडे बघून म्हणाला.

"छान. पण मी आता तिथे असेन की नाही, सांगता येत नाही."

"का?"

वहिनीला हे सकाळी चूळ भरतानाच सुचलं होतं आणि त्यामुळे तिला स्वतःचा थोडा राग आला होता. "एरवी रोज संध्याकाळी दादा शब्दकोडं सोडवतात," ती म्हणाली. "म्हणजे दादा वाचतात, ताई उत्तर देतात, आणि दादा 'मला माहीत होतं' म्हणून लिहितात. ताई गेल्यावर स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीत कोण बसणार?"

भाऊनं डोळे मिटले.

*

नाश्त्याला दादा उशिरा आला. ताई सकाळच्या पाळीला गेली होती; ती इस्पितळात एक्स-रे काढते. 'श्वास घ्या, रोखा, सोडा' हे ती इतकी वर्षं म्हणत आली आहे की तिनं घरात नुसतं 'घ्या' म्हटलं तरी चहाचा कप हातात धरून सगळे छाती फुगवतात. आज ती नव्हती, तरी टेबलावर सगळ्यांनी श्वास रोखला होता.

"काय झालंय?" दादानं पावाला लोणी लावत विचारलं.

"काही नाही," तिघंही एकदम म्हणाले. तिसरी भिंगरी, भाऊ-वहिनींची लेक. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला असल्यामुळे न बोलणाऱ्यांचं दुखणं तिला लवकर कळतं.

"काका," ती म्हणाली, "फुलवाटाण्याला शेंगा लागल्यात. उद्या आत्याच्या हातात द्यायला फुलं नाहीत."

"शेवटी वाटाणाच ना?" भाऊनं घाईनं विषय हलका केला. "भाजी करू."

"बाबा, विषारी असतात त्या. मागे एक बोकड आणला होता आमच्याकडे, अख्खा वेल खाऊन आलेला."

"वाचला?"

"वाचला. पण मालकाकडे बघेना."

दादा लोणी लावत राहिला. पावाच्या कडेपर्यंत, कोपरे सोडून न देता. "बाजारातून आणा फुलं," तो म्हणाला.

"या घरातून कोणी बाजारची फुलं घेऊन गेलं नाही अजून," वहिनी म्हणाली. "माझ्या बहिणीला बाळ झालं तेव्हा ताईंनी भर पावसात कापून दिली होती. तुम्ही सुद्धा निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात जुडी घेऊनच गेलात."

"मी तिथे ठेवून आलो ती."

"टेबलावर?"

"माझ्या खुर्चीवर." दादानं पाव खाली ठेवला. "हे बघा, माझं लग्नाला काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या माणसाबद्दल आहे. मी त्यांच्याकडे घड्याळ दिलं, ते दुरुस्त होऊन आलं, आणि तेव्हापासून ते पाच मिनिटं पुढे आहे. मी सगळीकडे आधी पोचतो. अंत्यविधीला सुद्धा."

"मागे करायचं काटे," भिंगरी म्हणाली.

"का म्हणून? चूक त्यांची आहे. आणि दुकानात कधी गेली आहेस? भिंतभर घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. ज्या माणसाच्या घरात एवढ्या वेळा एकदम होतात, तिथे जेवायला किती वाजता बसणार ही?"

प्रश्न तसा बिनतोड होता. वहिनीला क्षणभर वाटलं, आपण दादांच्या बाजूला जावं, खुर्चीचाही प्रश्न मिटेल. तिनं दादाकडे पाहिलं. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात लावलं होतं. इतके दिवस कोणी तरी ते दारातच सांगत असणार. तिनं सांगितलं नाही. ती ताईच्या बाजूलाच राहिली, पण आधीपेक्षा जड मनानं.

*

दुपारी घरी दादा एकटाच होता. भाऊ दुकानात, वहिनी कोणाला तरी चौकात उजवीकडे वळायला शिकवत होती. दारावर टकटक झाली. दादानं दार उघडलं, तर घड्याळवाले.

उंच, थोडे वाकलेले, एका डोळ्यावर भिंग लावून आयुष्य काढल्यामुळे तो डोळा कायम किंचित आश्चर्यात. त्यांनी नमस्कार केला आणि नकळत दादाच्या मनगटाकडे पाहिलं. दादानं हात मागे घेतला.

"ती नाहीये घरात."

"ठाऊक आहे. मी तुमच्याकडे आलो."

दादाला त्यांना आत घेणं भाग पडलं. आत घेतल्यावर बसवणं भाग पडलं. गॅसवर सूप होतं, आणि पाहुणा बसलेला असताना आपण एकट्यानं पिणं बरं दिसत नाही, म्हणून दोन वाट्या भरणं भाग पडलं. माणूस एकदा दार उघडतो आणि मग नुसता उतारच असतो.

"उद्याचं काय?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"उद्याचं काय म्हणजे?"

"दुकान उघडू की सुट्टी घेऊ? पाटी लावायची तर आज लावावी लागेल. गिऱ्हाईक येऊन परत जातं."

"हे मला का विचारताय?"

घड्याळवाल्यांनी वाटी खाली ठेवली. "तिनं तुम्हाला सांगितलं नाही? तुम्ही आला नाहीत तर ती येणार नाही."

दादाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणजे असं आहे," घड्याळवाले शांतपणे म्हणाले, "की ती मला सोडायला तयार आहे, तुम्हाला रागावलेलं सोडून जायला तयार नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, रात्री थोडं. मग सकाळी म्हटलं, एकदा जाऊन तरी बघावं, असं आहे तरी काय तुमच्यात."

"मग?"

घड्याळवाल्यांनी त्याला नीट निरखलं, भिंगाच्या डोळ्यानं. "लगेच नाही कळत," ते म्हणाले. "सूप आणखी आहे?"

दादानं त्यांना आणखी एक वाटी दिली. ती पिऊन होईपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. दादाच्या लक्षात आलं की हा माणूस गप्प बसला की बोलायची घाई होत नाही. हे त्याला आवडलं नाही, कारण हे त्याला आवडलं होतं.

"लावू पाटी?" दारात घड्याळवाल्यांनी विचारलं.

"तुमचं दुकान, तुमची पाटी," दादा म्हणाला आणि दार लावलं. मग दाराआड तसाच उभा राहिला. सबंध आयुष्य त्यानं नकाशे काढले होते. रस्ता कुठून कुठे जातो हे कागदावर पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आपण इतके दिवस ज्याला राग म्हणत होतो त्याची रेघ त्यानं मनात ओढून पाहिली. ती घड्याळाच्या दुकानापर्यंत पोचेना. स्वयंपाकघराच्या खुर्चीपाशीच थांबत होती.

*

ताई परतली तेव्हा भिंगरी पायरीवर बसली होती. "आत्या," ती म्हणाली, "आवाज करू नकोस. काका ओळीत आहेत."

"कुठल्या ओळीत?"

"आपल्या."

ताईनं पिशवी खाली ठेवली. वरच्या खिडकीचा पडदा हलला. तिथे भाऊ आणि वहिनी, पुन्हा एकाच बाजूला, निदान एकाच पडद्यामागे. ताई अंगण ओलांडून जाळीपाशी गेली. खाली भिंतीच्या बाजूला बूट दिसत होते. वर पानांतून एक कान आणि चुकीच्या काजातलं बटण.

"कोण आहे?" तिनं उगाचच विचारलं.

"मीच."

"आधी आलास?"

"ओळीत नाही आलो. शेंगा बघायला आलोय."

"बरं. बघ."

बूट हलले. "मी अडकलोय जरा. पूर्वी ही जागा मोठी होती."

"जागा तेवढीच आहे, दादा."

ताईनं एक वेल सोडवून बाजूला केला. हिरव्या शेंगा गच्च भरलेल्या, आणि अगदी शेंड्याला एकच फूल, तेही अर्धं. इतक्या वर्षांत तिनं ओळ अशी कधी पाहिली नव्हती. दर वर्षी बियाण्यासाठी टोकाचा एकच वेल न कापता सोडायची. यंदा सगळ्यांनी मिळून सगळीच ओळ सोडली होती.

"वाया गेलं ना सगळं?" दादाचा आवाज आला.

"वाया कसलं? नुसतं बी आहे. वाळू दिलं की गल्लीभर वाटता येईल."

"फुलं परत नाही येणार?"

"आत्ता सगळ्या शेंगा तोडल्या तर येतील थोडी. पंधरवडा लागेल."

"मग पंधरवड्यानं करा."

ताई थांबली. एक तंतू तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला गुंडाळला गेला होता, तो तिनं सोडवला. "मी फुलांसाठी अडलेली नाही, दादा."

"माहीत आहे मला. येऊन गेले ते."

"कोण? हे?"

"दोन वाट्या सूप प्यायले."

"काय म्हणाले?"

"पाटी लावू का विचारत होते." जाळीतून आता एक डोळा दिसत होता. तो ताईकडे नव्हे, शेंगेकडे बघत होता. "असली अट कोणी घालतं का? सही काय, भाऊ करेल. भिंगरी करेल. रस्त्यावरचा कोणीही करेल."

"सही कोणीही करेल. पण तू इथे रुसून बसलेला असताना मी तिथे कशी बसू? तुझा राग मला ठाऊक आहे. तू तो इस्त्री करून कपाटात ठेवतोस."

"मी रागावलो नाहीये."

"मग काय आहे?"

वरच्या खिडकीत कोणाला तरी शिंक आली आणि दुसऱ्यानं नाक दाबलं असावं, कारण ती अर्धीच आली.

"रोज संध्याकाळी," दादा म्हणाला, "शब्दकोड्याच्या वेळी. तू उत्तर देतेस, मी म्हणतो मला माहीत होतं."

"हो."

"मला माहीत नसतं."

"हो रे. मला माहीत आहे."

"सगळीच नाही. काही असतात."

"काही असतात," ताई म्हणाली. तिनं एक शेंग चाचपली. आत बी अजून कोवळं होतं. "लांब नाही जात आहे मी. कोपऱ्यावर तर आहे."

"नकाशावर कोपरा जवळच असतो," दादा म्हणाला.

मग त्यानं घसा साफ केला. नगरपालिकेत मोठ्या साहेबासमोर नकाशा उलगडण्याआधी तो असाच करायचा.

"हे पेरायचं कसं?"

"काय?"

"बी. पुढच्या वर्षी ओळ कोण लावणार? भाऊ तिथे गादी अंथरेल."

ताईनं आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "रात्रभर पाण्यात भिजवायचं. सकाळी जे फुगलेलं नसेल ते ब्लेडनं जरासं खरवडायचं, डोळा सोडून. मग पेरायचं."

"किती खोल?"

"बोटाच्या पेराएवढं."

"कोणाच्या बोटाच्या?"

"माझ्या."

"हे माप नाही," दादा म्हणाला. या बाबतीत मात्र तो खरोखरच दुखावला होता. "माप म्हणजे कोणीही कुठेही गेलं तरी तेच राहतं."

"आईनं तिच्या बोटानं दाखवलं होतं. माझं तिच्याएवढंच निघालं. माझं तरी अजून चुकलेलं नाही."

"इकडे कर."

ताईनं तर्जनी जाळीतून आत घातली. पलीकडून दादाचं बोट आलं, जाडजूड, वर्षानुवर्षं पेन धरून एका बाजूला घट्टा पडलेलं. त्यानं ते तिच्या बोटाला लावून धरलं, नखाला नख जुळवून. तिचं पेर संपत होतं तिथे त्याचं अजून चालूच होतं. त्यानं दुसऱ्या हातानं खिशातलं पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं आणि तिचं पेर जिथे संपत होतं बरोबर तिथे आपल्या बोटावर आडवी रेघ मारली. सरळ, बारीक, पट्टीनं मारावी तशी.

"पुसून जाईल रे," ताई म्हणाली. "हात धुतलास की गेली."

"गेली तर उद्या पुन्हा माप घेऊ," दादा टोपण तोंडात धरूनच म्हणाला. "सहीच्या टेबलावर पेन असेलच."

खिडकीत पडदा निखळून खाली आला. कोणी वर पाहिलं नाही. ताईनं बोट जाळीतून काढून घेतलं नाही. दादानं ते अजून एकदा नीट लावून बघितलं आणि रेघ जराशी जाड केली.